मुलांना समुद्र दाखविताना

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाजवळ उभे राहिले असता समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. पश्चिमेला मुंबई रेल्वेमार्गाने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आणि पूर्वेला पुरी त्याहूनही लांब. तरीही शाळांना सुट्टी लागली की नागपुरातील शिक्षक, एस.टी.चे वाहक, बँकेतील कारकून, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतील कामगार यांच्या घरी एक बोलणे निघतेच : या वर्षी मुलांना समुद्र दाखवू या. मग कुणी गणपतीपुळे सुचवितो, कुणी गोवा, कुणी अलिबाग. निवड होते ती ऐकीव नावावर किंवा मोबाईलवर पाहिलेल्या छायाचित्रावर. कडेवरचे मूल त्या पाण्यात सुरक्षित राहील काय, हा प्रश्न बहुधा कुणी विचारीत नाही.

हा काय मतपानावर मांडण्याचा विषय आहे, असे आपल्यापैकी काही कार्यकर्त्या मित्रांना वाटेल. सुट्टी ही मध्यमवर्गाची चैन आहे, अशी एक समजूत आपल्या चळवळीतही रुजलेली आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९३६ च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. लिओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. किनाऱ्यावरच्या धनिकांनी नाके मुरडली, हेही ओघाने आलेच. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. पण ती मिळाली संघटित कामगाराला. घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर यांची सुट्टी म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. अशा घरातले मूल समुद्रावर जाते ते लहानपणात एकदा, फार तर दोनदा. ज्याला दरवर्षी जाता येते त्याचा किनारा एखाद्या वर्षी चुकला तरी बिघडत नाही. ज्याला एकदाच जायचे आहे त्याची निवड नीट झाली पाहिजे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून महाविद्यालयाच्या सहलीला आलेले आठ जण गेले. ही सारी माणसे धडधाकट आणि समुद्रापासून दूरच्या गावांतली होती. आपल्यासारख्या आतल्या मुलखातील माणसाची पाण्याशी ओळख असते ती तळ्याची आणि नदीची. अंबाझरीचे किंवा रामटेकजवळच्या खिंडसीचे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळीही असते. समुद्राचे तसे नाही, हे शाळेच्या भूगोलात शिकलेले असले तरी अंगी मुरलेले नसते. गुडघ्याएवढ्या पाण्यात मुलाला उभे करून बाप छायाचित्र घेऊ लागतो, तेव्हा पायाखालची वाळू सरकू लागलेली असते.

म्हणून किनाऱ्याच्या नावाआधी भरती-ओहोटीचे गणित शिकावे. भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. कोकणातील कोळ्यांचा हिशेब फार सोपा आहे : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजी तास. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच मागे जाते; अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, त्याची हालचाल कमी. लहान मुलांना न्यायचे तर भांगाचे दिवस बरे. आपण बेत ठरवितो तो रजेवर आणि तिकिटांवर, पंचांग उघडतो ते मुहूर्तासाठी. त्याच पंचांगातली तिथी येथे खरोखरीच्या कामी येते, एवढे पुरोगाम्यांनीही मान्य करावयास हरकत नाही!

पाणी चढते-उतरते तेही एका चालीने नव्हे. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी हलते. मुंबई-रायगडच्या बाजूला उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास असतो. त्यामुळे रायगडच्या सपाट पुळणीवर ओहोटीला पाणी दूरवर जाते आणि परतताना पाठीमागच्या सखल भागातून आधी शिरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते; वेळ चुकली की परतीची वाट पाण्याखाली जाते. मुलांना पाण्यात खेळवावयाचे ते भरती नुकतीच सुरू झाल्यावर, आणि तेही काठाकाठाने. ओहोटीचे पाणी बाहेर ओढते, त्या वेळी वाळूचे किल्ले करावेत.

आता किनाऱ्याविषयी. उतार मंद असावा. पहिल्या दहा पावलांत पाणी कमरेला लागत असेल तर तो किनारा लहान मुलांचा नव्हे. खाडीचे तोंड जवळ नसावे, कारण तेथे ओहोटीला खाडीचे सारे पाणी समुद्राकडे धावते. तारकर्लीची वाळू आणि नितळ पाणी कुणालाही मोह पाडील असेच आहे, परंतु देवबागच्या बाजूला जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे मुलांना पाण्यात उतरवू नये, दुरून पाहावे. आणखी एक गोष्ट आतल्या मुलखातील माणसाला हमखास फसविते. लाटा सगळीकडे फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत दिसतो आणि आपण मुलांना नेमके तेथे नेतो. किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाते ते त्याच वाटेने. त्या ओढीत सापडलेल्याने काठाकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. हवा भरलेली रबरी चाके तर न्यावीतच नाहीत. सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, आणि चाकासकट मूल आत जाऊ लागते ते आवाज न होता.

या कसोट्या लावल्या तर सर्वांत प्रसिद्ध किनारा हा मुलांसाठी सर्वांत चांगला ठरतोच असे नाही. गणपतीपुळ्याला देवदर्शन आणि समुद्र एकाच ठिकाणी मिळतात, त्यामुळे विदर्भातील कुटुंबांची तेथे रीघ लागते. परंतु तेथील पाण्याची ओढ कुप्रसिद्ध आहे. दर्शन घ्यावे, वाळूत बसावे, पाण्यात मात्र घोट्यापलीकडे मुलांना नेऊ नये. संकष्टीला गर्दी होते आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती येऊन ओहोटी लागते, हे वरच्या हिशेबाने कुणालाही ताडता येईल. त्यापेक्षा दापोली तालुक्यातील मुरूड आणि कर्दे, रायगडातील श्रीवर्धन व दिवेआगर, गोव्याच्या दक्षिणेला पाळोळ्याची अर्धचंद्राकार खाडी ही ठिकाणे लहान मुलांसाठी अधिक सोयीची आहेत. गुहागरला गाव किनाऱ्याला लागूनच आहे. घरगुती जेवण मिळते आणि दमलेले मूल उचलून पाच मिनिटांत खोलीवर आणता येते. तीन वर्षांच्या मुलाच्या आईला या सोयीची किंमत विचारावी. पुरीला जाणाऱ्यांसाठी अहमदाबाद–पुरी गाडी नागपूरवरून जाते. तेथील लाटा कोकणापेक्षा दांडग्या, पण टोकदार टोप्या घातलेले नुलिया कोळी हात धरून स्नान घडवितात. त्यांना द्यावे लागणारे पैसे वाया जात नाहीत.

ऋतूचा प्रश्न विदर्भाला विशेष बोचणारा आहे. येथे उन्हाचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपली माणसे मेच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये कोकण गाठतात. नेमका तेव्हाच समुद्र खवळू लागलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात सरकार यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी करते. माशांच्या प्रजननासाठी ती असते तशीच खवळलेल्या दर्यात माणसे जाऊ नयेत यासाठीही. जेथे जन्म काढलेला कोळी आपली होडी वर ओढून ठेवतो, तेथे आपण चार वर्षांच्या पोराला उतरवितो. समुद्र पाहावा तो दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात. पण दिवाळीत मजुराला रजा कोठली, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

येथपर्यंत कुटुंबाने काय करावे ते सांगितले. पण सारे ओझे कुटुंबाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे सोडणे हा न्याय नव्हे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर शासनाने नेमलेली जीवरक्षक सेवा आहे; कोठे उतरावे व कोठे नाही हे दाखविणारे बावटे लागतात. महाराष्ट्रात हे काम अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या मानधनावर एखाद-दुसरा स्थानिक तरुण करतो. बावटा नाही, दोर नाही, बायकांना कपडे बदलण्यास आडोसा नाही, आणि मुले खेळतात त्याच वाळूवरून हौशी मंडळी मोटारी पळवितात. २०२५ साली श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूजवळचा पर्णका या पाच किनाऱ्यांची ‘निळा ध्वज’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या पथदर्शी टप्प्यासाठी निवड झाली. पाण्याची शुद्धता, स्वच्छतागृहे, जीवरक्षक अशा ३३ निकषांवर ते दिले जाते. स्वागतच आहे. मात्र स्वच्छतेच्या नावाखाली कोळ्यांच्या होड्या आणि जाळी हटविली जाणार असतील आणि किनारा कुंपणे घालणाऱ्या हॉटेलांच्या हाती जाणार असेल, तर तो ध्वज कुणासाठी, हे विचारावे लागेल. पुरीच्या नुलियांचे उदाहरण येथे घ्यावे. ज्याला त्या पाण्याची प्रत्येक खोड ठाऊक आहे असा रापणीवरचा तरुणच उत्तम जीवरक्षक होऊ शकतो. त्याला प्रशिक्षण आणि बारमाही वेतन द्या. पर्यटकही वाचेल आणि कोळ्याचे घरही चालेल.

पैसे नाहीत, हे उत्तर आता ऐकून घेता येणार नाही. नागपूरला मुंबईशी जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, त्यावर ५५ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरांचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, तो कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचा विरोध असतानाही. नागपूरहून समुद्राकडे वेगाने नेण्याची एवढी तळमळ ज्या शासनाला आहे, त्याने रस्ता संपल्यावर पाण्यापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांचीही काळजी घ्यावी. शिवाय मोटार असलेल्यांचीच ही सोय. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी आली. लेकरांना घेऊन रात्र-रात्र प्रवास करणाऱ्या आईला त्याचा अर्थ कळला. कोकण रेल्वेसाठीही त्यांनी आणि नाथ पैंनी आयुष्यभर आग्रह धरला. ती १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्या वाटेने नागपूरच्या सामान्य कुटुंबाला सुट्टीच्या हंगामात साध्या दराने, रोजच्या रोज जाता येईल अशी गाडी ही मागणी आपण लावून धरण्यासारखी आहे. एस.टी.ने मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट दिले, त्याचा उपयोग बचत गटांच्या सहली करू लागल्या आहेत. पुढची मजल रेल्वेने गाठावी.

शाळांबद्दल एक सांगावयाचे राहिले. ‘श्यामची आई’मध्ये पोहणे शिकण्यास भिऊन लपणाऱ्या श्यामला त्याची आई विहिरीवर धाडते, प्रसंगी मारही देते. आज मार नको, पण शिकविणे हवे. नागपुरात महापालिकेच्या शाळांतील किती मुलांना पोहता येते? शाळेची सहल समुद्रावर नेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी त्या गावच्या ग्रामपंचायतीला दूरध्वनी करून जीवरक्षक आहे काय, खाडी किती दूर आहे, त्या दिवशीची भरती किती वाजता, एवढे तरी विचारून कागदावर लिहून पालकांना द्यावे. शिक्षक संघटनेतील आपल्या सहकाऱ्यांनी हा ठराव येत्या दिवाळीच्या सहली ठरण्यापूर्वी आपापल्या शाळेत मांडावा.