कोल्हा म्हणण्याआधी शेपटी पाहा

सुट्टीत गावाकडे जाऊन आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास सांगतं, "रात्री गाडीपुढून कोल्हा गेला." केवढा होता, असं विचारलं की हात मांजराच्या उंचीपेक्षा जरासा वर जातो. एवढा लहान कोल्हा नसतो. पूर्ण वाढलेला कोल्हा आठ-दहा किलोचा, गावठी कुत्र्याच्या अंगलटीचा असतो. गाडीपुढून गेलं ते बहुधा खोकड होतं.

या चुकीची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक खरोखरच कोल्हे आहेत. द्राक्षांना आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी मात्र खोकडाच्या कुळातला. मराठीत येताना त्याचाही कोल्हा झाला, आणि खोकड हे नाव धनगरांच्या आणि माळावरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी तेवढं उरलं. माझी पहिली विनंती हीच आहे, की हे नाव पुन्हा बोलण्यात आणा. दिसेल त्याला कोल्हाच म्हणत राहिलो, तर आपल्या शिवारातलं खोकड नाहीसं झालेलंही आपल्याला कळणार नाही.

ओळखायला खोकड अवघड नाही. वजन दोन ते चार किलो, अंग जेमतेम अर्धा मीटर, पाय काटक आणि तांबूस, तोंड निमुळतं, कान डोक्याच्या मानाने मोठे आणि टोकदार. खरी खूण शेपटीची. ती झुपकेदार, अंगाच्या निम्म्याहून लांब आणि टोकाला ठळक काळी असते. कोल्ह्याच्या शेपटीचं टोकही काळपट असतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, लांबी पाहा. कोल्ह्याची शेपटी अंगाच्या मानाने आखूडच. खोकड सावकाश चालताना शेपटी मागे लोंबती ठेवतं, पळू लागलं की आडवी धरतं, आणि धावता धावता एकदम वळलं की ती जवळजवळ उभी होते. एकदा हे पाहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही. कच्छ-राजस्थानात वाळवंटी खोकड भेटतं, त्याच्या शेपटीचं टोक पांढरं. आपल्या माळावरचं खोकड काळ्या टोकाचं, आणि ते भारतीय उपखंडाबाहेर कुठेही सापडत नाही.

आवाजातही फरक आहे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सूर लावावा तशी कोल्हेकुई कोल्ह्यांचीच. खोकड तसा गळा काढत नाही. त्याचं ओरडणं तुटक, चिरकं आणि एकामागून एक असतं. माळावर नवीन माणसाला ते एखाद्या पाखराचं वाटू शकतं.

त्याला शोधायला घनदाट जंगलात जाऊ नका, तिथे ते मिळायचं नाही. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या धो धो पावसातही नाही. त्याला हवा कमी पावसाचा उघडा मुलूख: कुसळी गवताचा माळ, मधूनच बोर, तरवड, हिवर, आणि पायाखाली मुरूम. सोलापूरजवळचं नान्नज, बारामतीजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, कर्जतकडचं रेहेकुरी, तसाच माण-खटाव आणि जत-आटपाडीचा पट्टा हा त्याचा मुलूख. दिवस मावळताना किंवा उजाडायच्या सुमारास एखाद्या बांधाच्या आडोशाला वाऱ्याच्या उलट बाजूला बसा. फिरत राहिलात तर तेच तुम्हाला आधी पाहील. तासभर काही हलत नाही, आणि मग गवतातून दोन कान वर येतात.

दिसलं नाही तरी माळ वाचता येतो. गाडीवाटेच्या मऊ फुफाट्यात मांजराएवढा पंजा, पण पुढे नखांचे ठिपके, आणि पावलं एका रेषेत पडलेली, तर ते खोकड असण्याचा संभव मोठा. कुत्रं असं सरळ जात नाही, वास घेत नागमोडी हिंडतं, आणि मांजर चालताना नखं आत ठेवतं. दगडावर किंवा गवताच्या ठोंबावर विष्ठा दिसली तर काडीने उकलून पाहा. भुंग्यांची चकाकती कवचं, उंदराचे केस, बोराच्या आठळ्या हे त्याचं रोजचं खाणं. वाळवी, टोळ, खेकडे, सरडे, जमिनीवरची अंडी, काहीच त्याला वर्ज्य नाही. उंदीर मारणारं जनावर ज्वारी-भुईमुगाच्या शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, हे आपल्या बांधावरही सांगायला हवं. आणि माळावर मेंढपाळ भेटले तर त्यांच्याजवळ बसा. पुस्तकात नसलेलं पुष्कळ त्यांच्याकडून कळेल.

आता बिळाविषयी, कारण इथेच चांगल्या मनाच्या माणसांकडूनही नुकसान होतं. खोकडाची जोडी उंचवट्यावर, मुरमात किंवा बांधाला बीळ करते. त्याला अनेक तोंडं असतात, आणि तेच बीळ वर्षानुवर्षं वापरलं जातं. एरवी दिवसा खोकड झुडपाखालीच पडून राहतं. बीळ लागतं ते मुख्यतः पिल्लांसाठी. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान दोन ते चार पिल्लं होतात आणि आई-बाप दोघं मिळून ती वाढवतात. पिल्लं धीट असतात, बाहेर येऊन खेळतात, आणि म्हणूनच लोक मोबाईल घेऊन जवळ जातात. जाऊ नका. बीळ सापडलं तर तिथूनच मागे फिरा. ठिकाण कोणाला कळवू नका, फोटोबरोबर तर मुळीच नाही. बॅटरीचा झोत, धूर, काठी हे प्रकार मुलांना करू देऊ नका. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं असं नसतं. ते उचलून घरी आणणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. जखमी जनावर दिसलं तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

बरोबर कुत्रं नेऊ नका, हेही मी आग्रहाने सांगतो. नान्नज परिसरात संशोधक अबी वनक यांनी खोकडांचा दीर्घ अभ्यास केला आहे. कुत्रं आसपास असलं की समोर अन्न असूनही खोकड ते पुरतं खात नाही, असं त्यात दिसून आलं. शिवाय पिसाळ आणि डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून माळावरच्या प्राण्यांत जातात. शेतावर, वाड्यावर कुत्री असतील तर त्यांना लस टोचून घ्या. त्यात तुमच्या घरातल्या पोरांचंही रक्षण आहे.

माळाचंही एक सांगणं आहे. सरकारी कागदात गवताळ माळ पडीक ठरतो आणि कोणीही येऊन तिथे झाडं लावायला खड्डे खणतं. सोलापूरकडच्या माळांवर उंदीरमारीची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, लागवड झाली. गवत गेलं की टोळ जातात, उंदीर जातात, आणि माळाचा प्राणी पोटापाण्यासाठी दुसरीकडे निघतो. तुमच्या गावात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला, तर गायरानावरच्या जिवंत गवताळ माळाऐवजी रस्त्याची कड, शाळेचं आवार, ओढ्याचा काठ सुचवा. ग्रामसभेत हे बोलायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. माळ पाहिलेला माणूस पुरे.

आणि पुढच्या पावसात गवत चांगलं यावं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला माळ पेटवण्याची रीत अनेक गावांत आहे. या फाल्गुनात तुमच्या शिवारातला माळ पेटवू नका. त्या दिवसांत खोकडाच्या बिळात पिल्लं असतात.