गाण्याची जागा

आमच्या टेंभुर्णीसारख्या गांवांतील मुलें आतां नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहतात, आणि शनिवारीं रात्रीं घराजवळच्या पबमध्यें जॅझ किंवा ब्लूज ऐकावयास गेल्याचें सहज सांगून जातात. पब म्हणजे मद्यगृह, हें कळतांच माजघरांत चिंता पसरते, वडील माणसें रागावतात, आणि पुढच्या खेपेस मुलगा खरें सांगेनासा होतो. हा शेवटचा परिणाम आम्हांस सर्वांत वाईट वाटतो. म्हणून मद्याचा प्रश्न आणि गाण्याचा प्रश्न निरनिराळे करून पाहावे, अशी आमची सूचना आहे. मद्याविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊकच आहे. तें तिळमात्र बदललेलें नाहीं. गाण्याविषयीं मात्र निर्णय देण्यापूर्वीं तें काय आहे हें जाणून घ्यावें.

अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. त्यानंतरच्या पिढ्यांत, दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांमध्यें ब्लूज वाढलें. त्याची रूढ घडण अशी: पहिल्या ओळींत दुःख सांगावयाचें, दुसरींत तेंच पुन्हां म्हणावयाचें, तिसरींत त्यास उत्तर द्यावयाचें. चार-चार मात्रांच्या बारा खंडांत एक आवर्तन पुरें होतें. जात्यावर बसून सासुरवास ओवींत घालणाऱ्या आपल्या आजीबाईंस यांतील मर्म समजावून सांगावें लागलें नसतें. त्यांतील गांधार पुष्कळदां कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येंच लागतो. बावीस श्रुति मानणाऱ्या आपण त्यास बेसूर कसें म्हणावें?

जॅझमध्यें सर्व वादक बहुधा प्रथम मूळ चीज वाजवितात. मग एकेक जण तिच्या आधारानें तेथल्या तेथें सुचलेला विस्तार करितो, आणि अखेर सर्व मिळून मूळ चिजेवर परततात. आपला ख्यालगायक अस्ताईवर येतो, तसेंच हें. भेद इतकाच कीं, आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो, तर तेथें एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरांचे समूह खालीं बदलत जातात.

हें गाणें परकें म्हणावें, तर तें आपल्या घरांत केव्हांच शिरलें आहे. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. अशा ताफ्यांच्या सहवासांत कित्येक गोमंतकीय वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत त्यांस स्वरलेखन लहानपणींच शिकविलेलें असे. हॉटेलांत वाजविणारीं हींच मंडळी पुढें चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास बसूं लागली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्र यांस साथ केली. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत ते पडद्यावरही दिसतात. हे सी. रामचंद्र म्हणजे गोदाकांठच्या पुणतांब्याचे चितळकर! वादकांचीं नांवें मात्र तबकड्यांवर क्वचितच छापलीं जात. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळें अँथनी गोन्साल्विस हें नांव घरोघर झालें, परंतु हे मजोर्ड्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक, आणि तें गाणें त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूंस केलेलें वंदन, हें किती श्रोत्यांस ठाऊक असेल?

जागेवरून गाणें तोलण्याची संवय आपली जुनीच. कलावंतांच्या ज्या घराण्यांकडे पाहून सभ्य समाज नाक मुरडीत असे, त्यांतीलच केसरबाई केरकर यांचें गायन १९७७ सालीं व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत गेलें.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच. पेल्याविषयीं काय म्हणावयाचें तें एकदां स्पष्ट म्हणावें. मग मुलास विचारावें, “काल कोण वाजवीत होतें? काय वाजविलें?” आणि त्यांतील एखादी चीज त्याच्या भ्रमणध्वनीवर घरच्या सर्वांनीं मिळून ऐकावी. न आवडल्यास तसें खुशाल सांगावें. पण ऐकून सांगावें. जो मुलगा ऐकलेलें गाणें घरीं सांगूं शकतो, तो इतरही गोष्टी घरीं सांगतो.