न खाजणारा, न दुखणारा चट्टा

कुष्ठरोग म्हटलं की आजोबांच्या काळातला आजार, असं आपण धरून चालतो. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर त्याचं 'निर्मूलन' जाहीर झालं आणि हा समज पक्का झाला. त्या शब्दाचा सरकारी अर्थ मात्र दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. रोग संपला नव्हता. आजही महाराष्ट्रात दरवर्षी नवे रुग्ण सापडतात.

हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम आला की वसमत, कळमनुरीकडे शिवारात कढया पेटतात. तापलेल्या पत्र्याला बोट लागलं की माणूस झटकन हात मागे घेतो. पण कुष्ठरोगाने ज्याच्या हाताची संवेदनाच गेली आहे, त्याला भाजल्याचं फोड दिसल्यावर कळतं. बोटं वाकडी होतात ती पुढे, निकामी झालेल्या नसा आणि दुर्लक्षित जखमा यांमुळे.

सुरुवात असते ती एका फिकट किंवा लालसर चट्ट्याने. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून दाखवायला कुणी जात नाही. आणि दाखवलाच, तर गावात बोभाटा होईल ही भीती. ही भीती कायद्यातही होती: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत मान्य होतं. खरं तर औषध सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने सरतो. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.

घरात कुणाच्या अंगावर असा बधिर चट्टा असेल, तर याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, किंवा आशाताईंना सांगा.