बंदुकीची नळी आणि पोथीचें पान

निकामी झालेला भाग काढून त्या जागीं नवा बसवावा, हा गृहस्थाचा नित्यधर्मच होय. जात्याचा खुंटा किंवा छत्रीची काडी बदलतांना कोणी शास्त्रार्थ करीत बसत नाहीं. परंतु वस्तु शंभर वर्षांहून जुनी आणि पूर्वजांच्या नांवाची असली, म्हणजे हाच साधा व्यवहार विवेकाची कसोटी पाहूं लागतो.

राहात्याजवळच्या एका परिचित घरीं वांटणीच्या वेळीं माळ्यावरून एक जुनी लष्करी बंदूक खालीं आली. तिच्या पट्टीवर मुकुट आणि सन कोरलेला होता. नळी मात्र गंजानें खाल्लेली. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या एखाद्या बंदुकीची चांगली नळी बसवून ती दिवाणखान्यांत टांगावी. वडील बंधु म्हणाले, "मग ती आजोबांची बंदूक राहिली काय?" वादाचा विषय लोखंडाचा दिसला, तरी मूळ प्रश्न सत्याचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, नळ्या व पेट्या बदलण्याचा हा उद्योग खुद्द लष्करानेंच सर्वांत अधिक केला आहे. 1853 सालची एन्फील्ड रायफल तोंडाकडून भरावी लागे. तिच्याच काडतुसांवरून 1857 चा वणवा भडकला, आणि आमच्या नगर-नाशिक भागांतही भागोजी नाईकाच्या भिल्लांनीं 1859 पर्यंत झुंज दिली. उठाव शमल्यावर सरकारनें हिंदी शिपायांच्या हातीं आंतून गुळगुळीत नळीच्या एन्फील्ड बंदुका दिल्या. नळींत पीळदार चऱ्या नसल्या म्हणजे गोळी फिरत जात नाहीं आणि दूरचा नेम साधत नाहीं. अविश्वास असा नळीच्या पोटांत लिहिला गेला! पुढें 1866 च्या सुमारास स्नायडर नांवाच्या अमेरिकन गृहस्थाच्या युक्तीनें त्याच एन्फील्डच्या नळीचा मागचा तुकडा कापून, तेथें बिजागरीचें झांकण असलेली पेटी आट्यांवर बसविली. आणि तोंडाकडून भरावयाची बंदूक मागून भरतां येऊं लागली.

त्यानंतरच्या रायफलींचीं नांवें पाहिलीं तर तो द्वंद्व समासच आहे! 1871 च्या मार्टिनी-हेन्रींत खटक्याची रचना मार्टिनीची आणि नळी एडिंबरोच्या हेन्रीची. 1888 च्या ली-मेटफर्डमध्यें पेटी व बोल्ट ली याच्या योजनेचे, नळींतील चऱ्या मेटफर्डच्या. कॉर्डाइट ही नवी निर्धूर दारू आली, तेव्हां तिच्या उष्णतेनें त्या उथळ चऱ्या लवकर झिजूं लागल्या. म्हणून 1895 मध्यें खोल चऱ्यांची एन्फील्ड नळी बसविली, आणि पेटी तीच राहूनही नांव ली-एन्फील्ड झालें. हीच पुढें बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत तयार होऊं लागली, आणि 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक पिढ्या मिरवली.

यावरून दिसेल कीं, नळी झिजते, पेटी टिकते. परंतु जोडणी हा सुताराचा खेळ नव्हे. बोल्टचें तोंड आणि काडतुसाची बैठक यांतील अंतर प्रमाणाबाहेर वाढलें, तर पितळी पुंगळी फाटून जळता वायु नेम धरणाराच्या डोळ्यांवर येऊं शकतो. म्हणूनच ली-एन्फील्डच्या पेटीवर आणि बोल्टावर एकच अंक ठोकीत असत. हे दोन्ही अंक जुळले नाहींत कीं जाणता मनुष्य समजतो, येथें कांहींतरी बदललें आहे.

आतां, भाग बदलल्यावर वस्तु तीच कीं दुसरी? नैयायिक सांगतात कीं, वस्त्राचा एक तंतु निघाला तरी पहिला पट नष्ट होऊन दुसराच उत्पन्न होतो. बौद्धांच्या मतें तर प्रत्येक वस्तु क्षणोक्षणीं नवीच. व्यवहारांत मात्र पन्नास वर्षांनीं भेटलेला बालमित्र आपण 'तोच हा' म्हणून ओळखतोंच. आमचा निर्णय व्यवहाराच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. सेवेंत असतांना जी नळी बदलली, ती त्या शस्त्राच्या चरित्राचाच भाग. तिचा कमीपणा नाहीं. परंतु आज केवळ शोभेसाठीं किंवा अधिक किंमतीसाठीं परकी नळी बसवावी, जुने अंक कानशीनें घासावे आणि पाहुण्यांस "ही अस्सल हो!" म्हणून सांगावें, हें असत्य होय.

शिवाय कायद्याची गोष्ट निराळीच. 1959 च्या शस्त्र कायद्यानें बंदुकीचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात, आणि दुरुस्ती वा रूपांतराचा धंदा परवान्यावांचून करतां येत नाहीं. जुनाट धाटणीचें जें शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगें नाहीं, त्यासच तो कायदा सूट देतो. तेव्हां निरुपद्रवी वारशास चांगली नळी जोडणें म्हणजे ती सूट स्वहस्तें गमावणें. दोघां बंधूंस आम्हीं हेंच सांगितलें: आधीं पोलिस ठाण्यांत जाऊन रीतसर विचारणा करावी, नळीस हात लावूं नये, आणि गंज पुढें पसरूं नये इतकीच व्यवस्था जाणत्याकडून करवावी.

आमच्या पूर्वजांनीं या बाबतींत उत्तम वस्तुपाठ घालून दिला आहे. पोथीचें पान गहाळ झालें, तर दुसऱ्या प्रतीवरून उतरवून तें घालीत. नवा कागद आणि निराळें अक्षर वाचकास सहज ओळखूं येई; प्रामाणिक लेखक आपलें नांव आणि शकही शेवटीं लिहून ठेवी. त्या पोथीस कोणी खोटी म्हटलें नाहीं. घरांतील प्रत्येक जुन्या वस्तूपाशीं असाच एक कागद असावा: काय मूळचें, काय बदललें, केव्हां आणि कोणीं. नातवंडांस गंजकी नळी मिळाली तरी चालेल. खोटी हकीकत मिळूं नये.