दुसरी भेट

छत्रपती संभाजीनगरविषयी बाहेरच्या पाहुण्याचे मत बहुधा पहिल्याच भेटीत प्रतिकूल होते. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचा मुक्काम, उखडलेले रस्ते आणि नळाच्या पाण्याची रड, एवढेच त्याच्या ध्यानात राहते. पुढे कधी सवडीने येऊन पाणचक्की आणि जुने दरवाजे पाहिले, की तोच पाहुणा शहराला अनुकूल निर्वाळा देतो. या मतपरिवर्तनात शहर मात्र होते तेथेच राहते. बदलते ती पाहणाऱ्याची मनःस्थिती. या शहराच्या इतिहासातील एक पुनर्भेट याहून सर्वस्वी निराळी आहे.

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह नाशिकहून वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि अस्पृश्यांनी पाणी बाटविले म्हणून जमाव अंगावर आला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर. सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. हरकत घेणारे मुसलमान होते. हिंदूंचा अस्पृश्य मुसलमानांनाही अस्पृश्यच असतो, हा निष्कर्ष बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवला. ऐतिहासिक परिसराचे इतके कटू प्रथमदर्शन क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल.

अशा प्रदेशाकडे पाठ फिरविणे स्वाभाविक ठरले असते. परंतु 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर बाबासाहेबांनी उच्च शिक्षणाच्या कार्यासाठी याच शहराची निवड केली. 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्रश्न विचारण्यास न कचरणाऱ्या मिलिंद राजाचे नाव महाविद्यालयाला आणि त्याला उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव परिसराला मिळाले. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि भांडवलही नाही, त्याला शिक्षण हेच उत्पादनाचे साधन होय. मराठवाड्यातील भूमिहीनांच्या मुलांना हे साधन नागसेनवनाने दिले. दलित साहित्याच्या चळवळीला ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक याच शहराने दिले, हा योगायोग नव्हे.

म्हणून सारे काही सुरळीत झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. या वेळचे हल्लेखोर सवर्ण हिंदू होते. दौलताबादची घटना एका धर्माच्या माथी मारू पाहणाऱ्यांनी ही दुसरी घटनाही स्मरणात ठेवावी. जातीची विषवल्ली धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी, साडेपंधरा वर्षांच्या लढ्यानंतर.

2023 साली शहराचेही नाव अधिकृतपणे बदलले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाले. परंतु नावाने शहराचे चारित्र्य ठरत नाही. हौदाचे पाणी कोणाला, हा 1934 चा प्रश्न होता. आज जायकवाडीचे पाणी कोणत्या वस्तीला किती दिवसांनी मिळते आणि कोणाला टँकर विकत घ्यावा लागतो, हा त्याच प्रश्नाचा नवा अवतार आहे. वाळूजच्या कंत्राटी कामगाराच्या मुलीला वसतिगृहात जागा आणि वेळेवर शिष्यवृत्ती मिळते काय, हाही त्यातलाच.

शहराविषयीचे वाईट मत बदलण्याचे दोन मार्ग आहेत. एक प्रवाशाचा: पुन्हा येऊन अधिक चांगले तेवढे पाहण्याचा. दुसरा बाबासाहेबांचा: जेथे अपमान झाला तेथेच परत येऊन, अपमानाची कारणे नाहीशी करणारी संस्था उभारण्याचा. कार्यकर्त्यांना पहिला मार्ग उपलब्धच नाही.