किंचित असमान

विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले, असे भौतिकशास्त्र मानते. मग आज सगळीकडे द्रव्यच का उरले? पहिला धागा १९६४ मध्ये हाती आला. के-मेसॉन या कणाच्या विघटनात कण आणि प्रतिकण यांचे नियम तंतोतंत जुळत नाहीत, असे दिसले. कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ मध्ये या विसंगतीची उपपत्ती मांडली. २००१ मध्ये जपानच्या बेल आणि अमेरिकेच्या बाबार प्रयोगांनी बी-मेसॉनमध्ये ती खरी ठरवली.

बेल प्रयोग जिथे झाला, त्या त्सुकुबामधली युक्ती मला फार सुंदर वाटते. तिथल्या सुपरकेकेबी या त्वरकाच्या सुमारे तीन किलोमीटर परिघाच्या कड्यांत इलेक्ट्रॉनला ७, तर पॉझिट्रॉनला ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. ही असमानता मुद्दाम ठेवलेली. टकरीतून जन्मलेली बी-मेसॉनची जोडी त्यामुळे एका दिशेने सरकते आणि दोघांच्या विघटनांमधला, सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाइतका काळ मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या अंतरावरून मोजता येतो.

हे अंतर टिपणाऱ्या, बेलचा पुढचा टप्पा असलेल्या बेल-२ च्या सिलिकॉन शोधकातला चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या चमूने बांधला. अमरावती-अकोल्याच्या एम.एस्सी.च्या वर्गांत ही गोष्ट आवर्जून सांगितली गेली पाहिजे. टक्कर जपानात होते, पण विश्लेषण संगणकावर चालते. त्याला लागणारे संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग वऱ्हाडातही शिकता येते. हा अंक आम्ही त्याच विद्यार्थ्यांसाठी काढला आहे.