चतुर गावठी, मग ड्रॅगनफ्लाय कोण?

परवा लेक आणि नातू पुण्याहून अमरावतीला आले होते. वडाळी तलावाच्या काठावर नातू ओरडला, "आबा, ड्रॅगनफ्लाय!" मी म्हटलं, "याला चतुर म्हणतात, बाळा." तर लेक म्हणते, "बाबा, गावठी नावं नका शिकवू. सायंटिफिक नाव सांगा त्याला."

तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो. (लेक हे वाचणारच आहे. रागावू नको, बाई.)

अगं, ड्रॅगनफ्लाय हे तर इंग्रजांचं गावठी नाव! शास्त्रीय नाव ओडोनाटा, ते फॅब्रिसियसने १७९३ साली दिलं. अर्थ काय, तर दातवाले. किड्याचा जबडा बघून ठेवलेलं साधं नाव. ग्रीक आहे म्हणून आपण दबतो, इतकंच.

त्यात मुख्य गट दोन. पंख पसरून बसतो तो चतुर, अनायसोप्टेरा, म्हणजे असमान पंखांचा. त्याचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात. अंगाने बारीक, बहुधा पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी, झायगोप्टेरा. यातला 'झायगो' म्हणजे जू, बैलांच्या मानेवरचं! ग्रीक शब्द आणि आपलं जू एकाच मुळातले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला कितीसा वेळ लागेल?

शास्त्रीय नावं नकोत, असं माझं म्हणणं नाही. भारतात यांच्या सुमारे ५०० जाती आहेत, नेमकेपणासाठी ती नावं हवीतच. पण ती मायबोलीचा हात धरून यावीत, तिला ढकलून नव्हे.

हे पाप माझ्याही हातून घडलंय. मी मराठी माध्यमातला बी.ए., पण अकोल्याकडे शाळेत असताना विज्ञानाचे तासही घेई. एका पोराने वहीत 'चतुर' लिहिलं. मी लाल शाईने खोडून 'ड्रॅगनफ्लाय' केलं, अर्धा गुण कापला. तो म्हणाला, "सर, थो लहानपनी पान्यात राह्यते, मच्छराच्या अया खाते." अगदी बरोबर होतं त्याचं! मी पुस्तकातलं नाव वाचलं होतं, त्याने विहिरीत वाकून किडा पाहिला होता. त्यानंतर माझ्या तासाला त्याने हात वर केला नाही.

आज तो पन्नाशीचा असेल. त्याचा अर्धा गुण माझ्याकडे बाकी आहे.

असो. तुमच्याकडे या किड्याला काय म्हणतात, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. अन् पोरांना आधी ते सांगा, मग ओडोनाटा.